मशीन घेतली, पण वंगणाचा हिशेब केला का? जड लोडखाली धातू कसा वाचतो ते समजून घ्या



मशीन विकत घ्यायची म्हटलं की आपण काय विचारतो? किंमत किती, हप्ता किती, डिझेल किती पिते, भाडं किती मिळतं. हे सगळं विचारायलाच हवं. पण एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही: "हिच्या पिनला, बेअरिंगला, गिअरबॉक्सला कोणतं वंगण लागतं आणि किती तासांनी?" मशीन पाच वर्षं कमावणार की दीड वर्षात वर्कशॉपच्या दारात उभी राहणार, हे बऱ्याच वेळा याच प्रश्नावर ठरतं. व्हिडिओमध्ये वेळेचं बंधन असतं, म्हणून हा विषय इथे सविस्तर घेतोय.

उदाहरणासाठी आपण भंडारा जिल्ह्यातला गोसीखुर्दचा पट्टा घेऊ. पवनी तालुका, वैनगंगा नदी, आणि तिच्यावरचं ३३ दरवाजांचं धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, आणि पुढे केंद्र सरकारने त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. आज या भागात कालव्यांची आणि रस्त्यांची कामं आहेत, धानाची शेती आहे, राईस मिल आहेत, जेसीबी, ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर आहेत. म्हणजे जड लोड ओढणाऱ्या मशीनी जागोजागी.

आणि आणखी एक गोष्ट आहे, ती मनावर घ्या. या धरणासाठी अनेक कुटुंबांची जमीन आणि घरं गेली. मोबदल्याचा पैसा हातात आला की घरातला तरुण म्हणतो, "जमीन तर गेली, आता ट्रॅक्टर घेऊ, जेसीबी घेऊ, भाड्याने चालवू." विचार चुकीचा नाही. पण हा पैसा आयुष्यात एकदाच येतो. जमीन दर वर्षी पीक द्यायची. तिच्या जागी आलेली मशीनही दर वर्षी पीक देणार असेल, तर तिचा धातू झिजू न देणं हीच तुमची नवी शेती.

चकचकीत धातूसुद्धा डोंगराळ असतो

नवी पिन हातात घ्या. आरशासारखी गुळगुळीत वाटते. पण सूक्ष्मदर्शकाखाली तीच पिन अंबागडच्या टेकड्यांसारखी दिसते, सगळे उंचवटे आणि दऱ्या. दोन धातू एकमेकांवर टेकले की पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, फक्त टेकड्यांची टोकं टेकतात.

आता गंमत बघा. सगळा लोड या टोकांवरच येतो. जागा इतकी थोडी की दाब प्रचंड होतो. टोकं दबतात, तापतात आणि एकमेकांना अक्षरशः चिकटतात. वेल्डिंग मशीनशिवाय झालेलं बारीक वेल्डिंगच समजा. मशीन पुढे सरकली की ते वेल्डिंग तुटतं, आणि तुटताना धातूचा कण उपटून निघतो. हा कण पुढे सँडपेपरचं काम करतो. मिस्त्री "बुश खाल्ला" म्हणतो, तो असा खाल्लेला असतो. कण कण करून.

वंगणाचं काम एका वाक्यात सांगायचं तर: दोन धातूंची टोकं एकमेकांना भेटू न देणं, आणि भेटलीच तर चिकटू न देणं. या वाक्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग बहुतेकांना माहीत असतो. जड लोडच्या मशीनमध्ये पैसे वाचतात ते दुसऱ्या भागात.

थर तयार कसा होतो? तीन परिस्थिती

१. वेग चांगला, तेल भरपूर. पावसात डांबरी रस्त्यावर गाडी वेगात गेली की टायरखाली पाण्याचा थर अडकतो आणि गाडी घसरते. टायर रस्त्याला टेकतच नाही. इंजिनच्या क्रँकच्या बेअरिंगमध्ये नेमकं हेच होतं, फक्त तिथे ते आपल्याला हवं असतं. शाफ्ट फिरताना तेल स्वतःच्या खाली ओढतो आणि तेलावर तरंगतो. धातू धातूला लागत नाही. झीज जवळपास नाहीच.

२. जागा अगदी थोडी, दाब प्रचंड. बॉल बेअरिंगमधली गोळी किंवा गिअरचा दात घ्या. तिथे दाब १ गिगापास्कलपर्यंत आणि त्याहूनही वर जातो. १ गिगापास्कल म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या सुमारे १०,००० पट. एवढ्या दाबात तेल पिळून निघून जायला हवं, नाही का? पण होतं उलटं. त्या क्षणापुरतं तेल इतकं घट्ट होतं की जवळजवळ घन पदार्थासारखं वागतं, आणि पोलादसुद्धा किंचित दबून त्याला जागा देतं. असा जो थर बनतो त्याची जाडी साधारण १ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. तुमच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे लाखो रुपयांचा गिअरबॉक्स केसाच्या सत्तराव्या भागावर उभा असतो! आता सांगा, त्यात ५ मायक्रॉनची धूळ गेली तर काय होईल? धूळ थरापेक्षा जाड. ती सरळ दोन्ही धातूंना ओरबाडणार.

३. लोड जड, वेग मंद, तोही मागे-पुढे. जेसीबीच्या बकेटची पिन आठवा. पूर्ण फिरत नाही, थोडी इकडे, थोडी तिकडे, आणि वर टनांचा भार. इथे तेलाला खाली ओढून घेईल एवढा वेगच नाही. थर तयारच होत नाही. टोकं टोकांना भेटतात म्हणजे भेटतातच.

उद्योजक म्हणून लक्षात ठेवायची ओळ हीच: जड आणि मंद ही सर्वांत धोक्याची जोडी आहे. आपल्याला वाटतं की वेगात फिरणारा भाग लवकर झिजतो. पण नीट वंगण असेल तर तो तरंगत असतो. हळू हलणारा जड भाग मात्र घासत असतो.

धरणाच्या दरवाजाची पिन आणि तुमच्या बकेटची पिन

धरणाचे मोठे वक्र दरवाजे कधी बाजूने पाहिलेत? पुढे वक्र पोलादी पत्रा, मागे दोन बाजूंना लोखंडी हात, आणि हे हात मागे एका-एका जाड पिनवर येऊन टेकतात. दरवाजा याच पिनभोवती फिरून वर उचलला जातो. पाण्याचा सगळा धक्का हातांमधून या पिनांवर येतो.

किती धक्का? हिशेबाला सोपा आकडा घेऊ. समजा दरवाजा १५ मीटर रुंद आहे आणि मागे १० मीटर पाणी आहे. पाण्याचा दाब वर शून्य आणि तळाला सर्वांत जास्त, म्हणून सरासरी निम्मी धरायची. १५ × १० × ५ = ७५० टन. दोन पिनांवर वाटलं तर एकेकीवर सुमारे ३७५ टन. आणि हा दरवाजा महिनोन्‌महिने हलत नाही. पूर आला की हलतो, तोही अगदी हळू. म्हणजे जड आणि मंद, वर पाणी आणि गंज.

इथे वंगण कमी पडलं तर काय होतं, याचं जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणाचं आहे. हे धरण बांधून सुमारे ४० वर्षं झाली होती. १७ जुलै १९९५ रोजी जलाशय जवळपास भरलेला असताना ३ नंबरचा वक्र दरवाजा उघडायला घेतला. थोडासाच वर गेला आणि त्याच्या हाताचा आधार तुटला. दरवाजा मोडून पडला आणि सेकंदाला सुमारे ४०,००० घनफूट, म्हणजे आपल्या बातम्यांच्या भाषेत ४०,००० क्युसेक पाणी सुटलं. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. पण जलाशयातलं सुमारे ४० टक्के पाणी वाहून गेलं.

चौकशीत कारण काय निघालं? पिनवर वर्षानुवर्षं गंज चढत गेला होता, वंगण पुरेसं पोचत नव्हतं, त्यामुळे पिनमधलं घर्षण वाढत गेलं होतं. दरवाजाच्या मूळ डिझाइनमध्ये या घर्षणाचा भार धरलेलाच नव्हता. पिन सहज फिरायला तयार नाही, वरून यंत्र ओढतंय, मग मधला हात वाकणारच. पाण्याचा भार पहिल्या वर्षी होता तेवढाच होता. वाढलं होतं ते फक्त घर्षण.

ही गोष्ट धरणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपल्या धरणाची देखभाल पाहायला जलसंपदा विभाग आहे. गोष्ट तुमच्या मशीनसाठी आहे. बकेटची पिन, ट्रॉलीच्या जॅकची पिन, नांगराच्या लिंकेजची पिन, या सगळ्या त्या दरवाजाच्या पिनच्या धाकट्या बहिणी. त्या आवाज करत नाहीत, धूर सोडत नाहीत. गुपचूप झिजतात, आणि तुटतं ते दुसरंच काहीतरी. कधी वेल्डिंग, कधी बूमचा कान, कधी हायड्रॉलिक सिलिंडरचं सील.

थर नसेल तिथे धातूला कोण वाचवतं?

आपल्या आजोबांना उत्तर माहीत होतं. बंडीच्या आसाला वंगण घालायचे त्यात एरंडेल असायचं. का? एरंडेलाचे रेणू लोखंडाला एका टोकाने घट्ट धरून उभे राहतात, जसे धानाच्या बांधीत रोवलेले रोप. त्यामुळे टोकं एकमेकांवर आली तरी मध्ये हे "रोप" असतं. १९०९ मध्ये ब्रिटनमधल्या वेकफिल्ड कंपनीने इंजिन ऑइलमध्ये हेच एरंडेल घातलं आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आपल्या ऑइलचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल.

आज यासाठी तीन प्रकारची रसद वापरतात:

झीजरोधक रसायनं. इंजिन आणि हायड्रॉलिक ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसची संयुगं असतात. ती धातूवर एक पातळ थर चढवतात. हा थर झिजतो, पुन्हा तयार होतो. धातूऐवजी तो झिजतो.

ईपी रसायनं. ईपी म्हणजे अतिदाब सहन करणारं. यात गंधक आणि फॉस्फरस असतं. टोकं घासून तापली की नेमकी त्याच जागी ही रसायनं लोखंडाशी क्रिया करतात आणि एक मऊ थर बनवतात. मग धातू धातूला चिकटत नाही, मऊ थर थरावर सरकतो. जिथे गरम तिथेच औषध लागतं, हीच त्यातली खुबी.

घन वंगण. ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड, ज्याला दुकानात "मॉली" म्हणतात. पत्त्यांच्या कॅटसारखे थरावर थर, दाबले तरी तुटत नाहीत, फक्त सरकतात. बकेटच्या पिनसाठी ३ ते ५ टक्के मॉली असलेलं ग्रीस सुचवतात ते यामुळेच. ग्रीस पिळून निघालं तरी मॉलीचे कण धातूवर बसून राहतात.

पण ईपी म्हणजे सगळीकडे चांगलं असं नाही. काही ईपी ऑइलमधलं गंधक पितळ, तांबं आणि कांस्य खातं. राईस मिलच्या एलिव्हेटरला जो वर्म गिअरबॉक्स असतो, त्याचं चाक बहुधा कांस्याचं असतं. त्यात ट्रकच्या डिफरन्शिअलचं ऑइल ओतलं तर संरक्षण दूर राहिलं, चाकच खराब होईल. म्हणून "चांगलं ऑइल द्या" असं दुकानदाराला म्हणू नका. "या मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं ऑइल द्या" असं म्हणा.

डब्यावर काय वाचायचं?

- एनएलजीआय नंबर: ग्रीस किती घट्ट ते सांगतो. ०००, ००, ० हे पातळ, मग १, २, ३ असं ६ पर्यंत. बहुतेक कामांना २ नंबर चालतो.
- आयएसओ व्हीजी: औद्योगिक ऑइलची जाडी. हायड्रॉलिकला बहुधा ४६ किंवा ६८, गिअरबॉक्सला २२० किंवा ३२०.
- जीएल-४, जीएल-५: गाड्यांच्या गिअर ऑइलचा दर्जा. ५ मोठा आहे म्हणून ४ च्या जागी घालायचा नसतो. पितळी भाग असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला तो नडू शकतो.
- फोर-बॉल वेल्ड लोड: चार पोलादी गोळ्या ग्रीसमध्ये घासतात आणि किती किलोला त्या वेल्ड होतात ते मोजतात. साध्या ईपी ग्रीसचा आकडा बहुधा २५० किंवा ३१५ किलो असतो. कंपनीच्या माहितीपत्रकात तो मिळतो, मागून घ्या.
- साबणाचा प्रकार: लिथियम, लिथियम कॉम्प्लेक्स, कॅल्शियम सल्फोनेट वगैरे. चिखल-पाण्याच्या कामाला कॅल्शियम सल्फोनेट उत्तम टिकतं. दोन वेगळ्या प्रकारची ग्रीस मिसळू नका. काही जोड्या एकत्र आल्या की ग्रीस पातळ होऊन वाहून जातं.

आणि एक समज डोक्यातून काढा: "जाड म्हणजे भारी." वेगात फिरणाऱ्या बेअरिंगला फार जाड ऑइल घातलं तर ते घुसळून घुसळून तापतं. लोड, वेग आणि जाडी या तिघांचा मेळ बसला पाहिजे.

तुमची मशीन, तुमची पद्धत

जेसीबी, पोकलेन: पिनांना बहुधा दर १० तासांनी, म्हणजे रोज ग्रीस. मशीनचं पुस्तक बघा. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, चावी खिशात. बकेट टेकवल्याने पिनवरचा भार उतरतो आणि ग्रीस दबलेल्या बाजूलाही शिरतं. आधी निप्पल कापडाने पुसा, नाहीतर धूळ तुम्ही स्वतःच आत ढकलता. कडेने स्वच्छ ग्रीस बाहेर दिसेपर्यंत मारा. हे काम संध्याकाळी करा. पिन गरम असते, आणि दिवसभर शिरलेलं पाणी रात्री आत मुक्काम करत नाही. ग्रीस गनचा दाब फार मोठा असतो, नळीच्या तोंडाशी बोट धरू नका. कातडीत ग्रीस घुसलं तर ती दवाखान्याची केस आहे, घरगुती उपायाची नाही.

ट्रॅक्टर: रोवणीआधीची चिखलणी म्हणजे ट्रॅक्टरची परीक्षा. पुढचा एक्सल, चाकांची सीलं, लिंकेज, सगळं चिखलात. त्या दिवसांत ग्रीस रोज मारा, आठवड्याने नाही. गिअर ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी गेलंय. फक्त ऑइल बदलून थांबू नका, सील बदला.

राईस मिल: इथला शत्रू वेगळा, कोंड्याची आणि तुसाची धूळ. धानाचं तूस जाळलं तर साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेचा बहुतांश भाग सिलिका असतो. सिलिका म्हणजे वाळूचाच पदार्थ. म्हणजे मिलच्या हवेत बारीक वाळू उडतेय असं समजा, आणि बेअरिंगचा थर १ मायक्रॉनचा! ग्रीसचा डबा उघडा ठेवणं म्हणजे इथे पैशाला आग. बेअरिंगला मात्र पिनसारखं भरभरून ग्रीस नको. मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्मं पुरे. जास्त भरलं की ते तापतं आणि सील फोडतं.

जळकं ऑइल: बऱ्याच जागी चेनला, पिनला इंजिनचं जळकं ऑइल लावतात. त्यात काजळी आणि धातूचे कण असतात. पैसे वाचतात असं वाटतं, प्रत्यक्षात आपण सँडपेपर लावतो.

आता पैशाचा हिशेब

आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा करा.

समजा ग्रीस ४०० रुपये किलो. जेसीबीला दिवसाला २०० ग्रॅम, म्हणजे ८० रुपये. महिन्यात २५ दिवस काम, म्हणजे २,००० रुपये.

आता ग्रीस चुकवलं आणि पिन-बुश गेले. समजा पिन, बुश आणि लाइन बोरिंग मिळून ४०,००० रुपये. मशीन ४ दिवस उभी. भाडं तासाला १,२०० रुपये आणि दिवसाला ७ तास धरले, तर ३३,६०० रुपये बुडाले. एकूण ७३,६०० रुपये. म्हणजे एका बिघाडात जवळपास ३ वर्षांचं ग्रीस गेलं.

ग्रीस मारलं म्हणून पिन अमर होत नाही, हेही खरं. पण ती कधी बदलायची हे तुम्ही ठरवता, ऐन हंगामात ती तुम्हाला ठरवत नाही. आणि त्या ४ दिवसांत ठेकेदाराने दुसरी मशीन लावली तर तो परत येईलच असं नाही. हा तोटा वहीत दिसत नाही.

हा हिशेब देशांच्या पातळीवरही झालाय. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने अहवाल दिला की घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिलं तर उद्योगांचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील. या विषयाला ट्रायबॉलॉजी हे नाव त्याच अहवालामुळे रूढ झालं. मोठ्या उद्योगांना जे तेव्हा कळलं, ते आपल्या एका मशीनलाही तेवढंच लागू आहे.

यातच एक व्यवसाय दडलाय

ज्यांच्याकडे मशीन घ्यायला भांडवल नाही, त्यांनी हा भाग दोनदा वाचा. फिरती वंगण सेवा. एक छोटा टेम्पो किंवा कॅरिअरची मोटरसायकल, बकेट ग्रीस पंप, दोन ग्रीस गन, बंद झाकणाचे डबे, फिल्टर, आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक मशीनची नोंदवही.

काम काय? रोजचं ग्रीस ऑपरेटरच मारणार. तुम्ही आठवड्यातून एकदा जाता. सगळे निप्पल तपासता, बंद असलेले बदलता, पिनमधली ढिलाई मोजून लिहिता, ऑइलचा रंग आणि पातळी बघता, तास लिहिता आणि मालकाच्या मोबाईलवर फोटो पाठवता. मालक शेतात असो की नागपुरात, त्याला मशीनची खबर मिळते. तुम्ही विकता ते हेच.

हिशेब करू. समजा एका भेटीचे ३०० रुपये, माल वेगळा. दिवसाला ६ मशीन, महिन्यात २४ दिवस, म्हणजे १४४ भेटी आणि ४३,२०० रुपये. पेट्रोल, मदतनीस, हप्ता, किरकोळ मिळून २२,००० रुपये गेले तर २१,२०० रुपये उरतात.

ऐकायला छान वाटतं. पण थांबा! १४४ भेटी म्हणजे महिन्याला ४ भेटी घेणारे ३६ मशीनवाले. तुमच्यापासून २० किलोमीटरच्या आत असे ३६ मालक आहेत का? आधी नावं लिहा. ३६ नावं भरली नाहीत तर टेम्पो घेऊ नका, मोटरसायकलवर सुरू करा आणि वाढवत जा.

या पट्ट्यात हंगामाचं गणितही समजून घ्या. पाऊस सुरू झाला की चिखलणीचे ट्रॅक्टर. दिवाळीच्या आसपास कापणी आणि हार्वेस्टर, मग राईस मिल जोरात. कोरड्या महिन्यांत मातीकाम, कालवे, रस्ते. म्हणजे गिऱ्हाईक बदलतं, काम थांबत नाही. फक्त तुम्हाला तिन्ही प्रकारच्या मशीनची पुस्तकं वाचावी लागतील.

तीन नियम पाळा:

1. माल बिलावरच घ्या. डब्याचं सील, बॅच नंबर तपासा. नकली ऑइलने एक मशीन बसली की तुमचं नावही बसलं.
2. जळकं ऑइल नाल्यात नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचं. आणि नियम राहू द्या बाजूला. आपला नाला वैनगंगेला मिळतो, तिच्या मासोळीवर ढिवर बांधवांची घरं चालतात.
3. खोटी हमी देऊ नका. "माझं ग्रीस लावा, पिन जाणारच नाही" असं कधी म्हणू नका. "पिन कधी जाणार ते मी तुम्हाला आधी सांगेन" असं म्हणा. हे वाक्य जास्त विकतं, आणि खरंही आहे.

भांडवल लागलंच तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन स्वयंरोजगार कर्ज योजनांची चौकशी करा. जाताना ३६ नावांची यादी आणि वरचा हिशेब सोबत न्या. बँकेच्या साहेबांना स्वप्न नको असतं, यादी हवी असते.

या आठवड्याचं काम

वाचून बंद करू नका, एवढं करा:

- तुमच्या किंवा शेजारच्या एका मशीनचे सगळे ग्रीस निप्पल मोजा. किती चालू, किती बंद, ते कागदावर लिहा.
- मशीनच्या पुस्तकातून कोणतं ग्रीस, किती तासांनी, ते शोधा. पुस्तक नसेल तर डीलरकडून मागवा.
- जिथे लोड जड आणि हालचाल मंद आहे त्या जागांवर लाल रंगाने खूण करा. ग्रीस गन आधी तिथे गेली पाहिजे.
- ऑपरेटरला "ग्रीस मार" एवढंच सांगू नका, का मारायचं ते सांगा. टोकं, वेल्डिंग, कण, हे चित्र एकदा डोक्यात बसलं की मालक नसतानाही तो निप्पल पुसतो.

मशीनचा हप्ता बँक विसरू देत नाही. ग्रीसची आठवण करून द्यायला मात्र कोणी येत नाही. ती सवय आपली आपणच लावायची. पुढच्या भागात मशीनची नोंदवही कशी ठेवायची, कोणते रकाने आखायचे, ते पाहू. तोपर्यंत निप्पल मोजून ठेवा.